डीव्हीडीत व्हिडिओ बसत नाही, आणि बसवला तर चित्र फुटते: बिटरेटचा हिशेब आधी कसा मांडावा

व्हिडिओची डीव्हीडी तयार करणाऱ्यांच्या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिली अशी, की संगणकावर फाइल लहान दिसते, तरीही बर्निंगचा प्रोग्राम डिस्कवर पुरेशी जागा नसल्याचे सांगून थांबतो. दुसरी अशी, की सगळे चित्रण एका डिस्कमध्ये कसेबसे बसवले, तर टीव्हीवर हालचालीच्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात, चेहऱ्यांच्या कडा थरथरतात आणि दृश्य हळूहळू काळोखात विरत असताना गुळगुळीत छटांऐवजी पायऱ्या दिसतात. या दोन तक्रारी वेगळ्या समजून लोक पहिलीसाठी प्रोग्राम बदलतात आणि दुसरीसाठी डिस्कची कंपनी बदलतात, पण प्रश्न जागच्या जागी राहतो. दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते: चित्रणाची लांबी किती आहे आणि त्या लांबीला दर सेकंदामागे किती बिट (म्हणजेच किती बिटरेट) परवडतात, हा हिशेब एन्कोडिंगच्या, म्हणजे चित्रण डिस्कसाठी नव्याने दाबण्याच्या, आधी मांडलेला नसतो. तो मांडला की बहुतेक निर्णय आपोआप ठरत जातात, म्हणून या लेखात त्यालाच सर्वाधिक जागा दिली आहे.

मूळ फाइलचा आकार विसरून जावा

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. समजा, तीन तासांचे चित्रण १.४ जीबीच्या फाइलमध्ये आहे. डिस्क ४.७ जीबीची, म्हणजे तिच्यावर अशा तीन फाइली मावायला हव्यात, असे वाटणे साहजिक आहे. मात्र ती फाइल बहुधा एच.२६४ पद्धतीने दाबलेली असते, आणि घरगुती डीव्हीडी प्लेअरला समजणाऱ्या डिस्कवर चित्र व्यवहारात एमपेग-२ या जुन्या पद्धतीने असावे लागते. त्यामुळे प्रोग्राम मूळ फाइल तशीच उचलून डिस्कवर ठेवत नाही. तो तिच्यातील प्रत्येक फ्रेम उलगडतो आणि नव्या पद्धतीने, आपण ठरवून दिलेल्या बिटरेटने पुन्हा दाबतो. नव्या फाइलचा आकार लांबी आणि बिटरेट या दोनच गोष्टींवर ठरतो. जुनी फाइल १.४ जीबीची होती की १४ जीबीची, याचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

हेच चित्रण एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये डीव्हीडीचे तयार लक्ष्य निवडून, इतर काही न बदलता रूपांतरित केले, तर चित्राला सेकंदाला ६००० किलोबिट आणि आवाजाला ४४८ किलोबिट धरले जातात. तीन तासांचे १०,८०० सेकंद होतात. म्हणजे चित्र व आवाज मिळून सुमारे ८.७ जीबी झाले, आणि ते साध्याच काय, डबल लेअर (दोन थरांच्या) डिस्कमध्येही मावत नाही. प्रोग्राम बिघडलेला नसतो. तीन तासांना न परवडणारा बिटरेट त्याला मिळालेला असतो.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. १.४ जीबीच्या त्या फाइलमध्ये जो तपशील मुळातच नाही, तो ६००० किलोबिट दिल्याने निर्माण होत नाही. मूळ चित्रात चौकोन असतील, तर नव्या डिस्कवर ते चौकोनच अधिक निष्ठेने उतरतील. म्हणून शक्य असेल तेव्हा कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फाइल मिळवावी. मेसेजिंग ॲपवरून आलेली, वाटेत एकदा दाबली गेलेली प्रत वापरू नये.

४.७ जीबी म्हणजे नक्की किती

डिस्कच्या वेष्टनावरचा आकडा दशमान पद्धतीचा आहे: एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते आणि तरीही ‘जीबी’ हेच अक्षर लिहिते. त्या मोजणीने हीच डिस्क सुमारे ४.३८ जीबीची ठरते. विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारी फाइल प्रत्यक्षात ४.८ अब्ज बाइटपेक्षा मोठी असते, आणि ‘अजून दोनशे एमबी शिल्लक असताना’ प्रोग्राम नकार का देतो, याचे उत्तर यातच आहे. डबल लेअर डिस्कवर ८.५ जीबी छापलेले असते, तेही विंडोजच्या मोजणीत आठच्या किंचित खालीच येते.

शिवाय सगळी जागा चित्राला आणि आवाजाला मिळत नाही. ऑथरिंग करताना, म्हणजे प्लेअरला समजेल अशी डिस्कची रचना बांधताना, दोन्ही प्रवाह एकमेकांत गुंफले जातात, त्यांच्यासोबत प्लेअरला वाट दाखवणारी माहिती जाते, मेनू असल्यास त्याचे चित्र आणि संगीत जाते. या सगळ्यासाठी तीन ते चार टक्के जागा राखून ठेवणे मला योग्य वाटते. शेवटचा प्रत्येक एमबी वापरण्याच्या हट्टातून चित्रात दिसण्यासारखा फरक पडत नाही. काही तासांचे एन्कोडिंग वाया जाण्याची शक्यता मात्र वाढते.

सहा लाख भागिले मिनिटे

साध्या डिस्कपैकी ४.५ जीबी वापरायची ठरवली, तर हाती ३६,००० मेगाबिट येतात. त्यावरून एक सोपे सूत्र मिळते: ६,००,००० ला चित्रणाच्या एकूण मिनिटांनी भागावे, म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला किती किलोबिट परवडतात ते कळते. त्यातून आवाजाचा वाटा वजा केला, की उरतो तो चित्राचा सरासरी बिटरेट. आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३ पद्धतीने १९२ किलोबिटवर धरला, तर दीड तासाच्या चित्रणाला सुमारे ६४७५, दोन तासांना ४८००, तीन तासांना ३१४० आणि चार तासांना २३०० किलोबिट मिळतात. एका तासाच्या चित्रणाला भागाकार १०,००० येतो, पण तेवढा वापरता येत नाही. डीव्हीडीच्या नियमांनुसार चित्राची कमाल मर्यादा ९८०० आणि सगळे प्रवाह मिळून १०,०८० किलोबिट आहे, आणि त्या मर्यादेच्या जवळ जाणे घरी बर्न केलेल्या डिस्कसाठी का धोक्याचे असते, ते पुढे येईल. एका तासाच्या चित्रणाला ७५०० ते ८००० पुरे. उरलेली जागा रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही. डबल लेअर डिस्कसाठी हेच सूत्र सहा लाखांऐवजी पावणेअकरा लाख धरून वापरावे.

हा हिशेब करताना लांबी मिनिटापर्यंत नीट मोजावी. मेनूतून निवडता येणारे छोटे जादा भाग, सुरुवातीची शीर्षके आणि शेवटची नामावली यांचाही समावेश करावा, कारण ‘साधारण दोन तास’ म्हणून धरलेले चित्रण प्रत्यक्षात दोन तास अकरा मिनिटांचे निघाले, तर राखून ठेवलेली सगळी जागा तिथेच संपते.

आधी आवाज तपासावा

बसत नसलेल्या डिस्कवर पहिला उपाय म्हणून लोक चित्राचा बिटरेट कमी करतात. माझ्या मते आधी आवाजाच्या रकान्यात काय निवडले आहे ते पाहावे. काही ऑथरिंग प्रोग्राम आवाज न दाबता, म्हणजे पीसीएम स्वरूपात ठेवतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ पीसीएमला सेकंदाला १५३६ किलोबिट लागतात. दोन तासांत तो एकटाच १.३८ जीबी खातो. तोच आवाज एसी-३ मध्ये १९२ किलोबिटवर ठेवला, तर १७३ एमबीत बसतो. वाचलेली जागा चित्राकडे वळवली, की दोन तासांच्या डिस्कवर चित्राचा बिटरेट सुमारे ३४६० वरून ४८०० वर जातो. केवळ भाषण असेल तर १९२ किलोबिट भरपूर झाले. संगीताचा कार्यक्रम असेल तर मी २५६ किंवा ३२० देईन, आणि मैफलीचे चित्रण एक तासाच्या आतले असेल तर पीसीएम खुशाल ठेवावा, कारण तिथे जागा असतेच.

किती बिटरेट म्हणजे पुरेसा

याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण एमपेग-२ मुख्यतः लागोपाठच्या फ्रेममधील फरक साठवते. तिपाईवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले व्याख्यान ३५०० किलोबिटमध्ये स्वच्छ दिसते, तर हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले नृत्य ६००० मध्येही मधूनमधून फुटते. कॅमेरा हलला की चित्राचा प्रत्येक ठिपका जागा बदलतो, आणि न हललेली भिंतसुद्धा एन्कोडरच्या दृष्टीने हललेली असते. वाहते पाणी, वाऱ्यावर हलणारी पाने, उधळलेले कागदाचे तुकडे, रंगमंचावरचा धूर आणि लुकलुकणारे दिवे ही सर्वांत खर्चिक दृश्ये होत. चित्र कुठे फुटते ते जवळून पाहायचे असेल, तर अशा दृश्यावर थांबून हलणाऱ्या वस्तूच्या मागची पट्टी निरखावी: ८×८ ठिपक्यांचे चौकोन तिथे उघडे पडतात, त्यांच्या कडा सरळ रेषेत जुळतात, आणि वस्तू पुढे सरकल्यावरही एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरते मागे रेंगाळतात.

ढोबळमानाने, पूर्ण ७२०×५७६ मापाच्या चित्राला ५००० च्या पुढे सहसा चिंता नसते, ४००० ते ५००० मध्ये अवघड दृश्ये सोडली तर समाधान मिळते, आणि ३५०० च्या खाली हालचालीची किंमत दिसू लागते. ३००० च्या खाली पूर्ण माप ठेवण्याचा आग्रह सोडावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण आकड्यांतच दिसते. पूर्ण मापाच्या एका फ्रेममध्ये ४,१४,७२० ठिपके असतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि २३०० किलोबिट असतील, तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे ०.२२ बिट येतो. डीव्हीडीच्या नियमांत ३५२×५७६ हे अर्ध्या रुंदीचे मापही मान्य आहे. त्यात २,०२,७५२ ठिपके असतात, आणि त्याच २३०० किलोबिटमध्ये प्रत्येक ठिपक्याला सुमारे ०.४५ बिट मिळतो, म्हणजे जवळजवळ तेवढाच जेवढा दोन तासांच्या डिस्कवर पूर्ण मापाला ४८०० मध्ये मिळतो. चित्र थोडे मऊ दिसते, पण चौकोन जातात, आणि डोळ्यांना मऊपणापेक्षा चौकोन कितीतरी जास्त खुपतात. जुन्या व्हीएचएस टेपवरून घेतलेल्या चित्रणात तर आडव्या दिशेने तेवढा तपशील मुळातच नसतो, त्यामुळे तिथे अर्धी रुंदी निवडून जवळपास काहीच गमवावे लागत नाही. हे माप ४:३ प्रमाणाच्या चित्रासाठी आहे, म्हणून १६:९ चित्रणाला हा मार्ग नको. तिथे लांबी दोन डिस्कमध्ये विभागणे चांगले.

सरासरी, कमाल आणि दोन फेऱ्या

हिशेबातून मिळालेला आकडा सरासरीचा असतो. तो संपूर्ण चित्रणावर सारखा, म्हणजे स्थिर बिटरेटने वापरला, तर शांत दृश्यांत बिट वाया जातात आणि धावपळीच्या दृश्यांत कमी पडतात. बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग निवडल्यास एन्कोडर पहिल्या फेरीत कोणते दृश्य किती अवघड आहे ते नोंदवतो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटतो. वेळ सुमारे दुप्पट लागतो, पण शेवटचा आकार ठरल्याप्रमाणे येतो, आणि ३००० ते ५००० च्या पट्ट्यात चित्रातला फरक स्पष्ट दिसतो. ७५०० च्या आसपासची सरासरी परवडत असेल, तर दोन फेऱ्यांची गरज नाही. ‘ठरावीक दर्जा’ ही एका फेरीची पद्धत संगणकावर ठेवण्याच्या फाइलींसाठी उत्तम असली, तरी डिस्कसाठी टाळावी, कारण तिच्यात आकार आधी सांगता येत नाही.

बदलत्या बिटरेटमध्ये कमाल मर्यादेचा रकाना रिकामा सोडू नये. नियम ९८०० पर्यंत परवानगी देतात, पण बर्न केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कइतका प्रकाश परावर्तित करत नाही. जुन्या किंवा थकलेल्या लेझरच्या प्लेअरला ती वाचताना दुरुस्तीसाठी वेळ लागतो, आणि नेमके त्याच वेळी बिटरेट शिखरावर असेल तर चित्र अडखळते. एखादी डिस्क संगणकावर नीट चालते पण टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये ठरावीक दृश्यांनाच थांबते, तेव्हा बहुधा हे कारण असते. चित्राची कमाल मर्यादा ८००० वर ठेवावी. दर्जातला फरक शोधूनही सापडणार नाही.

बिटरेट पुरेसा आहे, तरी चित्र वाईट

अशा वेळी बिटरेट वाढवत जाण्याऐवजी मूळ चित्रात खर्च कुठे होतो ते पाहावे. कमी प्रकाशात टिपलेल्या चित्रणात बारीक कण सतत नाचत असतात. प्रत्येक फ्रेममध्ये ते नव्या जागी असल्याने एन्कोडर त्यांनाच तपशील समजतो आणि चेहऱ्याचे बिट कणांवर उधळतो. एन्कोडिंगपूर्वी कणकपातीची गाळणी हलक्या हाताने लावली, तर त्याच बिटरेटमध्ये चित्र स्पष्टपणे सुधारते. गाळणी जास्त लावली की त्वचा मेणासारखी दिसते, म्हणून कमीत कमी पातळीपासून सुरुवात करावी. टेपवरच्या चित्रणात तळाशी काही ओळी वेड्यावाकड्या हलत असतात. टीव्हीवर त्या पूर्वी दिसत नसत, एन्कोडरला मात्र दिसतात. त्यांवर काळी पट्टी टाकावी.

रुंद चित्र ४:३ चौकटीत, वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून बसवले असेल, तर ५७६ पैकी केवळ ४३२ ओळी चित्राला मिळतात. त्याऐवजी ते पट्ट्यांशिवाय पूर्ण चौकटीत भरून १६:९ म्हणून नोंदवले, तर सगळ्या ओळी वापरल्या जातात आणि टीव्ही ते योग्य रुंदीत पसरवतो. हा बदल फुकटचा आहे, आणि तरीही तो सर्रास राहून जातो.

हालचाल पुढे-मागे झटके देत होत असेल, तर तो बिटरेटचा दोष नाही. एकाआड एक ओळींच्या चित्रणात कोणते फील्ड (एकाआड एक ओळींनी बनलेला अर्धा फ्रेम) आधी, हा क्रम चुकलेला असतो. डीव्ही टेपवरच्या चित्रणात खालचे फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये वरचे आधी असे ठरलेले असेल तर हे झटके येतातच. तसेच सेकंदाला ३० फ्रेमचे मोबाइलवरील चित्रण २५ मध्ये आणण्याचा खटाटोप, प्लेअर ७२०×४८० ची (सेकंदाला सुमारे ३० फ्रेमच्या पद्धतीची) डिस्क चालवत असल्यास, करू नये.

आधीच तयार असलेली मोठी डिस्क लहान करताना

स्वतः तयार केलेल्या डबल लेअर डिस्कची प्रत साध्या डिस्कवर बसवायची असेल, तर डीव्हीडी श्रिंकसारखे प्रोग्राम पूर्ण एन्कोडिंग न करता एमपेग-२ चे आकडे आणखी ढोबळ करून आकार घटवतात. दहा-पंधरा टक्क्यांची घट या मार्गाने चालून जाते आणि वेळ वाचतो. त्याहून अधिक घटवायचे असेल, तर मेनू आणि नको असलेले आवाजाचे ट्रॅक आधी काढावेत. एवढ्यानेही काम भागले नाही, तर मूळ चित्रणाकडे परत जाऊन नवीन बिटरेटने दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग करावे. दाबलेल्यावर पुन्हा दाबणे हा शेवटचा पर्याय असावा.

डबल लेअर, दोन डिस्क की साधी फाइल

तीन तासांच्या १६:९ चित्रणाला साध्या डिस्कवर ३१४० मिळतात आणि डबल लेअरवर सुमारे ५७८०. फरक मोठा आहे, पण डबल लेअर डिस्क सगळ्याच प्लेअरना मानवत नाहीत, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थांबू शकते. तो बदल शांत जागी, दोन प्रसंगांच्या मध्ये येईल असा ऑथरिंग करताना निवडावा. डिस्क अनेकांना वाटायची असेल आणि त्यांच्याकडे कोणते प्लेअर आहेत ते माहीत नसेल, तर मी मध्यंतरावर तोडून दोन साध्या डिस्क करण्याच्या बाजूने आहे.

पाहणाऱ्याकडे संगणक किंवा फाइली वाचणारा प्लेअर नक्की असेल, तर डीव्हीडी-व्हिडिओचा आग्रहच सोडून तीच एच.२६४ फाइल डेटा डिस्क म्हणून लिहावी. दर्जा जसाच्या तसा राहतो. फक्त फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल, तर डिस्कची रचना यूडीएफ निवडावी. जुन्या आयएसओ ९६६० रचनेत एवढी मोठी फाइल सहसा स्वीकारली जात नाही.

बर्न करण्यापूर्वी

संपूर्ण चित्रणाचे एन्कोडिंग लावण्याआधी त्यातील सर्वांत अवघड दोन-तीन मिनिटे कापून घ्यावीत, हिशेबात आलेल्या सरासरीच्याच स्थिर बिटरेटने रूपांतरित करावीत आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर टाकून खऱ्या टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावरून पाहावीत. संगणकाच्या पडद्याला नाक लावून दिसणारे दोष टीव्हीवर अनेकदा दिसत नाहीत, आणि काळोख्या दृश्यांतल्या पायऱ्या मात्र टीव्हीवरच जास्त दिसतात. हा तुकडा स्थिर बिटरेटवर सुसह्य दिसला, तर दोन फेऱ्यांनंतर त्याला सरासरीपेक्षा जास्त बिट मिळून तो त्याहून चांगलाच दिसेल. सुसह्यही वाटला नाही, तर लांबी, माप किंवा डिस्कची संख्या यांपैकी काहीतरी बदलावे लागणार हे तिथेच कळते.

नंतर थेट डिस्कवर न लिहिता आधी इमेज फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) तयार करावी आणि तिचा आकार बाइटमध्ये पाहावा: साध्या डिस्कसाठी तो ४,७०,००,००,००० च्या आत हवा. डिस्कवर लिखाण आतून बाहेर होत जाते आणि बाहेरच्या कडेला वाचनाच्या चुका जास्त होतात, त्यामुळे काठोकाठ भरलेली डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत अडखळत असेल, तर बिटरेटला हात लावण्यापूर्वी तीच इमेज मध्यम वेगाने, पडताळणी चालू ठेवून, दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर लिहून पाहावी. तरीही त्याच जागी थांबत असेल, तर सरासरी बिटरेट पाच टक्क्यांनी उतरवून कडेची जागा मोकळी सोडावी.